बाहेरची हवा

नवतपाचा तिसरा दिवस. तारांगणातून फोन आला:
भाऊ, ऑफिसचा कूलर नुसता घरघरतो.
गोळीबार चौकातून निघालो, डोक्याला दुपट्टा,
स्कूटरला मागे बांधलेलं खसाचं भेंडोळं.
पंप गाळाने चोंदला होता. सोडवला, धुतला, बसवला.
पावतीवर सही व्हायला वेळ होता,
म्हणून हर्षाली हेडाऊ, तिथली निवेदिका, म्हणाली
बसा ना आत, शो सुरू होतोय.

अंधारात डोक्यावर मंगळ आला.
तांबडा, कोरडा,
वीटभट्टीमागच्या बरडासारखा, जिथे बकरीही चरत नाही.
ती सांगत होती: उणे साठ. हवा नावापुरती,
तीही आपल्या छातीच्या कामाची नाही.
पाणी आहे, पण जमिनीखाली, गोठलेलं.
दिवस आपल्याहून चाळीसेक मिनिटं मोठा.
मागून कोणीतरी बोललं, मंग झोप तं होईन पुरी.
सगळे हसले.

मी हिशेब करत होतो.
तीस वर्षं माझा धंदा हाच,
माणसाला राहवत नाही तिथे राहवेल असं करणं.
एक टाकी पाणी, एक मोटर, तीन बाजूंना खस,
आणि एक वस्तू जी कोणत्याच बिलात येत नाही:
उघडी खिडकी.
बंद खोलीत कूलर लावून पहा,
तासाभरात भिंती चिकट, बरणीतलं मीठ ओलं,
माणूस घामात.
दर उन्हाळ्यात शंभर घरी सांगतो,
काकू, बाहेरची हवा आत येऊ द्या, आतली बाहेर जाऊ द्या,
नाही तं मी काय करू?

तिथे कोणती खिडकी उघडणार?

शो संपल्यावर विचारलं, मॅडम, तिकडे मोटर जळली तं?
सुटे भाग इथूनच न्यायचे.
आणि कम्प्लेंट?
बोलणं पोचायला कधी कधी वीस मिनिटं, भाऊ.
उत्तर यायला आणखी वीस.
महालातले लोक दोन मिनिटं थांबत नाहीत, मी म्हटलं.
ती हसली, मग हसायची थांबली.
जाल तुम्ही? मिस्त्री तं लागनच ना तिकडे.
मी पावती घडी करून खिशात टाकली.

व्हरायटी चौकात सिग्नलवर हिरवी जाळी ताणलेली.
दिवा सुटला, तरी पुढचे दोघे सावली सोडेनात.
मागून हॉर्न. एक शिवी. कोणी हललं नाही.

शेवटचा कॉल शंकरनगरात,
विद्युल्लता पांढरीपांडे, हवामान खात्यातून रिटायर.
मानेवर ओला पंचा, हातात पुठ्ठा.
कूलर बिघडला नाही हो, म्हणाल्या,
फक्त पाहून जा, चालू करू नका.
जाळी काढली. मागच्या वर्षीच्या वाळल्या खसात
होल्याची मादी, पोटाखाली दोन अंडी.
तिने माझ्याकडे बघितलं
जसं भाडेकरू घरमालकाकडे बघतो,
तीन महिन्यांचं भाडं थकलेलं असताना.

किती दिवस?
पिल्लं उडेपर्यंत. महिना धरा.
महिना? या उकाड्यात, ताई?
टेबलावर वही होती. रोजचा आकडा, निळ्या शाईत.
आजचा सेहेचाळीस पूर्णांक दोन.
शेजारी बारीक अक्षरात: बसून आहे.

तिकडे जातील, जातीलही लोक.
घुमट बांधतील, मोटरी लावतील, हवा मापून वाटतील.
ती मापून वाटलेली हवा
दोन अंड्यांसाठी कोणी महिनाभर बंद ठेवेल का,
एवढंच हर्षालीला विचारायचं राहिलं.

निघताना खिडकीत खसाच्या चार काड्या ठेवल्या.
जिन्यावरून वळून पाहिलं.
तिने एक उचलली, चोचीत फिरवली,
खाली टाकली.
दुसरी नेली.